लेकीच्या वहीतला मॉल

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते, एका लॅबमध्ये नोकरी करते. मिस्टर औषध कंपनीत आहेत, महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, १० वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. फ्लॅट वन बीएचके.

मागच्या आठवड्यात दिवाणावरची गादी उचलली तर खाली मुलीची वही सापडली. पहिल्या पानावर लिहिलेलं, 'मॉलमध्ये राहण्याचा प्लॅन. कोणी वाचू नये.' मी वाचली. एम्प्रेस मॉलचे मजले काढलेत. मॉल बंद व्हायच्या वेळी कपड्यांच्या ट्रायल रूममध्ये स्टुलावर पाय वर घेऊन बसायचं, म्हणजे गार्डनं दाराखालून वाकून पाहिलं तरी पाय दिसणार नाहीत. झोपायचं गाद्यांच्या दुकानात, रोज वेगळ्या गादीवर, आणि सकाळी चादर नीट करून ठेवायची. जे खाल्लं ते वहीत उधारी म्हणून लिहायचं, मोठी झाल्यावर फेडायचं. सकाळी युनिफॉर्म घालून शाळेत जायचं, शाळा सुटली की परत मॉलमध्ये. शनिवारी भावाला आणायचं, रविवारी घरी सोडायचं. एका ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्यात : 'रात्री कोणीही लाइट बंद कर म्हणणार नाही.' आणि शेवटच्या पानावर, 'आई-बाबा आले तर वरच्या मजल्यावरून पाहायचं. आवाज द्यायचा नाही.'

ते वाचून मी किचनमध्ये जाऊन रडले. मिस्टरांना फोनवर सांगितलं, तर ते आल्याबरोबर तिच्यावर ओरडले. आता मॉल बंद, मोबाइल बंद. ती एवढंच म्हणाली, 'गोष्ट आहे ती.' तेव्हापासून फारशी बोलत नाही, आणि वही कुठे ठेवली तेही माहीत नाही. सासूबाई म्हणतात, 'पोरीले मॉलची हवा लागली.' सासरे काहीच बोलत नाहीत. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हापासून त्या भागात जायचं ते टाळतातच.

ती आमच्याकडे सुखी नाही का? ती खरंच असं काही करेल का? डॉक्टरांना दाखवू का? आणि मॉल बंद केला ते बरोबर केलं का?

— एक आई, मानेवाडा

उत्तर :

प्रिय ताई,

घर नकोसं झालेलं मूल पळून जाण्याचा बेत करतं तेव्हा त्यात सकाळची शाळा नसते. तुमच्या लेकीच्या बेतात शाळा आहे, युनिफॉर्म आहे, सकाळी चादर नीट करणं आहे, खाल्लेल्याचा हिशेब आहे आणि शनिवार-रविवार भावाची जबाबदारीसुद्धा आहे. म्हणजे कोणी बघणारं नाही, कोणी रागावणारं नाही अशा ठिकाणी राहायला निघालेली ही मुलगी तुमच्या घरचे सगळे नियम बरोबर घेऊन निघाली आहे. उधारी फेडायची हे तिला कोणी शिकवलं असेल? मॉलनं तर नाही. तुम्ही त्या वहीत स्वतःला शोधलंत आणि शेवटच्या पानावरच्या एका ओळीत तेवढ्या सापडलात. मला तुम्ही दोघं त्या वहीत पानोपानी दिसता.

त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते. तुमच्या पत्रात जे आहे, त्यावरून ती तुमच्याकडे दुःखी आहे असं मला वाटत नाही. तिला काहीतरी कमी पडतं आहे, आणि ते काय, हे तिनं दोन रेघा मारून स्वतःच सांगितलं आहे. तिकडे येतेच. पण आधी ती ओळ, जी वाचून तुम्ही रडलात.

'वरच्या मजल्यावरून पाहायचं. आवाज द्यायचा नाही.' तुम्हाला वाटलं, पोरीला आपण नको आहोत. मला वाटतं, तुम्ही कधीतरी खाली येणार, मान वर करून इकडेतिकडे बघणार, हे तिनं गृहीत धरलं आहे. आई-बाप आपल्याला शोधणारच नाहीत अशी ज्या मुलाची खात्री असते, ते मूल अशी ओळ लिहीत नाही. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक, आयुष्यभर मुलं आणि त्यांच्या आया यांच्यातच काम केलेले. लपण्यात मुलाला आनंद असतो, पण कोणी शोधून काढलंच नाही तर ते त्याच्यावरचं मोठं संकट असतं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. रेसटीप खेळताना बघा ना. अगदी अवघड जागी लपलेलं पोर बराच वेळ कोणी आलं नाही की स्वतःच खुडबुड करतं, खोकतं. तुमच्या लेकीनं वही गादीखाली ठेवली. ज्या घरात गाद्या रोज उचलल्या जातात, त्या घरात गादीखाली. ती तुम्हाला सापडावी म्हणूनच तिथे ठेवली असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ती सापडली याचं तिला जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त सापडल्यावर जे झालं त्याचं वाटलं असणार.

आता त्या दोन रेघा. सहा माणसांच्या वन बीएचकेमध्ये १० वर्षांच्या मुलीच्या मालकीचं काय असतं? तुम्ही लिहिलं नाही, पण मी अंदाज करते. ती हॉलमध्ये झोपत असेल. आजीला लवकर झोप हवी, म्हणून लाइट लवकर जातो. अभ्यास दिवाणावर, पाहुणे आले की अभ्यासासकट आत. भाऊ लहान, म्हणून तिच्या रंगपेट्या त्याच्या हाताला लागतात आणि 'लहान आहे तो, दे त्याला' हे तिला दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागतं. तिच्या मॉलमध्ये भावाला शनिवारी यायची परवानगी आहे. फक्त शनिवारी! पाच दिवस तिचे एकटीचे. त्या वहीतली ही मला सगळ्यात खरी वाटलेली मागणी आहे, आणि त्यात भावावर रागही नाही. त्याच्यासाठी गादी ठेवलेलीच आहे.

डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी मुलांच्या लपायच्या जागांचा अभ्यास केला, तो दोन एकमेकांपासून अगदी वेगळ्या ठिकाणी : इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये आणि कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू नावाच्या लहानशा बेटावर. श्रीमंती वेगळी, हवामान वेगळं, घरं वेगळी, तरी साधारण सात-आठपासून अकरा-बारापर्यंतच्या वयात दोन्हीकडची मुलं मोठ्यांच्या नजरेआड स्वतःची जागा तयार करत होती. झुडपात, फांद्यांच्या खोपट्यात, मिळेल तिथे. या वयात मूल स्वतःला 'मी कोण' हे विचारायला लागतं, आणि त्या प्रश्नाला जागा लागते. तुमची लेक नेमकी त्या वयात आहे. हे तिच्या वाढीचं लक्षण आहे. त्याला आजार म्हणायला मी तयार नाही.

मग मॉलच का? कारण दुसरं काही उरलंय का, सांगा. तुमच्या-माझ्या पिढीला नागपुरात वाड्याचा माळा होता, जिन्याखालची जागा होती, गच्ची होती. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून खाटा टाकायच्या आणि मोठ्यांच्या गप्पा चालू असताना चादरीखाली आपलं स्वतंत्र राज्य चालवायचं. महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या घरांमध्ये अशा इतक्या सांदीकोपऱ्याच्या जागा होत्या, की मूल तासभर दिसलं नाही तरी कोणी घाबरत नसे. आता फ्लॅट स्कीममध्ये गच्चीला कुलूप असतं, खाली पार्किंग असतं, आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की गाड्या. त्यात आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, नवतप्यात दुपारी कावळासुद्धा दिसत नाही. घरात एक कूलर, त्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात बसायची जागा मोठ्यांची. अशा शहरातल्या मुलीला गाड्या नसलेली, गार, उजेडाची, मैलभर पळता येईल एवढी मोठी जागा दिसली, आणि तिनं मनातल्या मनात तिथे बिऱ्हाड मांडलं. यात तिचं काय चुकलं?

तुम्हाला गंमत वाटेल, पण मॉल ज्या माणसानं पहिल्यांदा उभा केला, त्याच्या डोक्यातही असंच काहीसं होतं. व्हिक्टर ग्रुएन हे व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद, ज्यू असल्यामुळे १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेलेले. १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यात त्यांनी साउथडेल नावाचं पूर्ण बंदिस्त, आतली हवा नियंत्रित केलेलं बाजारसंकुल बांधलं. जुन्या व्हिएन्नातल्या चौकांसारखी, लोकांनी गाड्यांपासून दूर निवांत चालावं, बसावं, भेटावं अशी जागा त्यांना हवी होती. पुढे नुसती दुकानांचीच संकुलं उभी राहिली तेव्हा ते फार निराश झाले. तुमच्या लेकीच्या प्लॅनमध्ये खरेदीची एकही ओळ नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? सासूबाईंना हे जरूर सांगा. तिला मॉलची हवा लागली असती तर वहीत बुटांची आणि ड्रेसची यादी असती. तिथे आहे गादी, उजेड आणि शाळेचा रस्ता.

दुसरा प्रश्न, ती खरंच करेल का. इथे मला जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण ही गोष्ट जगात घडलेली आहे, आणि मोठ्या माणसांनी केलेली आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्स नावाचं शहर आहे. तिथल्या मोठ्या मॉलच्या आत, बांधकामात रिकामी राहून गेलेली सुमारे ७५० चौरस फुटांची एक जागा मायकेल टाउनसेंड या कलाकाराला आणि त्याच्या मित्रांना सापडली. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी वन बीएचकेपेक्षा मोठी. २००३ पासून जवळजवळ चार वर्षं त्यांनी तिथे सोफा नेला, टेबल नेलं, टीव्ही नेला, सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत बांधून दार बसवलं आणि अधूनमधून राहिलेसुद्धा. पाणी नव्हतं, संडास नव्हता, त्यासाठी मॉलच्या वॉशरूममध्येच जावं लागे. २००७ मध्ये टाउनसेंड पकडला गेला, खटला झाला, त्या मॉलमध्ये पाऊल ठेवायला त्याला मनाई झाली. त्या शहरातल्या ज्या जुन्या कापड गिरणीच्या इमारतींत कलाकार राहत आणि काम करत, त्या पाडून तिथे दुकानं उभी राहिली होती, आणि त्या रागातूनच ही कल्पना पुढे गेली. गिरणी जाते आणि दुकानं येतात, हे नागपूरकराला समजावून सांगायला नको.

ही हकीकत लेकीला सांगा. सगळी सांगा, पकडले गेल्याचा भागही. तिला कळेल की आपली कल्पना वेडी नाही, आणि हेही कळेल की ती प्रत्यक्षात आणणं म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत चोरून शिरणं. १० वर्षांच्या मुलीला या दोन गोष्टी एकाच वेळी कळतात, तेवढा विश्वास ठेवा.

तिच्या बाबतीत धोका कधी मानायचा? गोष्ट म्हणून लिहिलेला प्लॅन वाढत जातो, त्यात नवनव्या खोल्या येतात, गमती येतात, गार्डचं नाव येतं. करायचा म्हणून केलेला प्लॅन आखूड होत जातो : अमुक दिवस, एवढे पैसे, ही बॅग. बॅग भरलेली दिसली, पैसे साठवून लपवलेले दिसले, तारीख लिहिलेली दिसली, किंवा घरात ठरावीक माणसाजवळ एकटं थांबायला ती नकार देत असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी तिच्याशी बोला आणि बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या. विशेषतः शेवटची गोष्ट. मूल घराबाहेर सुरक्षित जागा शोधतं तेव्हा घरात, नात्यात, शेजारात, रिक्षात, ट्यूशनमध्ये कोणाची भीती आहे का, हा प्रश्न प्रत्येक आईनं एकदा शांतपणे विचारायलाच हवा. ओरडून किंवा वकिलासारखं उलटसुलट नको. 'तुला कोणाजवळ जायला नको वाटतं का गं?' एवढंच, आणि मग गप्प बसून ऐकायचं. तुमच्या पत्रात तसं काही जाणवत नाही, तरीही विचारा. झोप उडणं, जेवण तुटणं, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागणं, मैत्रिणी सोडून देणं, शाळेला जायला रोज रडारड, 'मी नसले तर बरं' अशी भाषा, यातलं काही असेल तरीही डॉक्टरांना दाखवावं. शासनाची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी तर मुलीलाच पाठ करून द्या, तुमच्या दोघांच्या मोबाइल नंबरांबरोबर. यातलं काहीही नसेल, तर फक्त या वहीसाठी डॉक्टरकडे नेऊ नका. गोष्ट लिहिली म्हणून आपल्याला दवाखान्यात नेलं, हे ती विसरणार नाही.

रात्रीचा मॉल खरा कसा असतो, हेही तिला सांगण्यासारखं आहे. घाबरवायला म्हणून नको. तिनं एवढा नकाशा काढला आहे, तर तिला ही माहिती मनापासून हवी असणार. मॉल रात्री रिकामा नसतो. गिऱ्हाईक गेलं की सफाईची माणसं मशीन घेऊन फरशा धुतात, दुकानांत माल लागतो, दुरुस्त्या होतात, कंट्रोल रूममध्ये कोणीतरी कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसलेलं असतं, गार्ड फेऱ्या मारतात. सरकते जिने थांबतात. एवढ्या मोठ्या इमारतीला गार करणारी चिलर नावाची अवाढव्य यंत्रं विजेचा खर्च वाचवायला बंद किंवा अगदी कमी करतात, आणि दिवसभर आपलं ऊन प्यायलेला वरचा स्लॅब ती उष्णता रात्री आत सोडत राहतो. म्हणजे मे महिन्यात तिची गाद्यांच्या दुकानातली रात्र तुमच्या कूलरसमोरच्या रात्रीपेक्षा गरम जाईल! हे ऐकून ती प्लॅन सोडून देणार नाही, प्लॅनमध्ये टेबलफॅन घालेल. घालू द्या. पुढच्या वेळी खरोखरच्या मॉलमध्ये गेलात की एखाद्या गार्डदादांशी तिची ओळख करून द्या, आणि चुकामूक झाली तर युनिफॉर्ममधल्या गार्डकडे किंवा दुकानाच्या काउंटरवर जायचं, मॉलच्या बाहेर पडायचं नाही, हे ठरवून टाका.

आता घरात काय करायचं ते.

आधी वही. 'कोणी वाचू नये' असं लिहिलेलं असताना ती वाचली गेली, आणि मग तिच्यादेखत तिच्यावर ओरडा झाला. तुम्ही आई आहात, तुम्हाला काळजी वाटली, तुम्ही वाचलंत, हे मी समजू शकते. तरी तिची माफी मागायला हवी, आणि ती तुम्ही दोघांनी मागायला हवी. मिस्टरांना म्हणावं, दौऱ्यावरून आल्याबरोबर बॅग खाली ठेवायच्या आधी ओरडणं झालं, आता पुढच्या वेळी आल्याबरोबर माफी मागा. लांबलचक नको. 'तुझी वही आम्ही तुला न विचारता वाचली, ते चुकलं. मी ओरडलो, तेही चुकलं. आता तुझी वही तुझ्या परवानगीशिवाय कोणी उघडणार नाही.' बस. त्याला 'पण तूही...' असं शेपूट लावू नका. वही कुठे आहे ते विचारू नका. ती तुम्हाला दाखवेल तेव्हा दाखवेल. नाही दाखवली तरी तो तिचा अधिकार आहे.

मग जागा. वन बीएचकेमध्ये खोली देता येणार नाही, कोणी मागतही नाही. गॅलरीचा एक कोपरा चालेल, कपाटामागची बोळ चालेल, जेवणाच्या टेबलाखालची जागा चालेल. सासूबाईंचं एखादं जुनं लुगडं पडदा म्हणून लावता येईल, आणि ते त्यांच्याच हातून लावून घ्या, म्हणजे त्या विरोधातून बाहेर येतील. आत एक उशी, तिची वह्या-रंगांची पेटी, आणि बॅटरीवरचा एक छोटा दिवा. हा दिवा फार महत्त्वाचा. आजीची झोप न मोडता रात्री अर्धा-पाऊण तास तिचा दिवा तिच्या ताब्यात राहील, आणि तो ती स्वतः बंद करेल, तुम्ही सांगायचं नाही. कुलूप लागणारा एक ड्रॉवर किंवा पत्र्याची पेटी तिला द्या, किल्ली तिच्याकडे. भावाला आत यायचं असेल तर त्यानं बाहेरून विचारायचं. ४ वर्षांचं पोर हे लगेच शिकणार नाही, रडेल, पडदा ओढेल. त्या वेळी तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहिलात, भावाला उचलून बाहेर घेऊन गेलात, की तुमच्या शब्दावर तिचा विश्वास बसायला सुरुवात होईल. त्यालाही त्याचं असं काही द्या, पण वेगळं.

तिथे बसून ती काय करते हे बघायला वारंवार डोकावू नका. चहा-नाश्त्याच्या निमित्तानंसुद्धा नको.

आणि आता तुमचे सासरे. तुमच्या पत्रात त्यांच्यावर फक्त दोन वाक्यं आहेत, पण मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तुमच्या लेकीनं ज्या जागेचे मजले काढले, ती एम्प्रेस मिलची जागा. जमशेटजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याच्या घोषणेच्या दिवशी, म्हणून एम्प्रेस. विदर्भाचा कापूस तिथे सूत होऊन बाहेर पडे. सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून आत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली होती, आग विझवायला छतातून पाणी फवारणारी यंत्रणा होती, आणि कामगारांसाठी पेन्शनचा फंड १८८६ पासून होता, देशात असं काही फारसं कुठे ऐकिवातही नसताना. मिलचा भोंगा ऐकून लोक दिवसाचं वेळापत्रक लावायचे. तुमची लेक ज्या जागेवर रात्र काढायची स्वप्नं बघते, तिथे तिच्या आजोबांनी खरोखर रात्री काढल्या आहेत. रात्रपाळीच्या रात्री, यंत्रांच्या आवाजात, केसांवर कापसाचे तंतू घेऊन.

हे तिला माहीत आहे का? माझा अंदाज, नसावं. मिल बंद पडल्यावर ज्या घरांत पगार थांबले, त्या घरांत मिलबद्दल बोलणंही थांबलं. तुमचे सासरे त्या भागात जायचं टाळतात, तर त्यांना ओढत नेऊ नका. फक्त एवढं करा : तिच्या परवानगीनं, तिनं काढलेला मॉलचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवायला तिलाच सांगा आणि विचारू द्या, 'आबाजी, इथे आधी काय होतं?' त्यांचं खातं कुठे होतं, गेट कुठे होतं, रात्री डबा कुठे बसून खायचे, झोप आली तर काय करायचे, सकाळी सुटल्यावर गांधीसागर तलावाच्या बाजूनं घरी कसे यायचे. ते बोलले तर बोलले. नाही बोलले तर तिनं पुन्हा कधीतरी विचारावं. नकाशावर नकाशा काढायला तिला आवडेल असं मला वाटतं, मॉलच्या मजल्यांखाली मिल. आणि त्यांना, इतक्या वर्षांनी कोणीतरी त्या रात्रींबद्दल काही विचारतंय, तेही एक १० वर्षांची पोर, स्वतःच्या रात्रींची तयारी करण्यासाठी. हे झालंच पाहिजे असं नाही. पण तुमच्या घरात हा माणूस असताना त्याला न विचारता मी तुम्हाला सल्ला देऊन मोकळी झाले, तर ते मला बरं वाटणार नाही.

मॉलची बंदी उठवा. मोबाइलचं तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याचा या वहीशी संबंध जोडू नका, नाहीतर लिहिलं की शिक्षा होते एवढाच धडा तिच्यापर्यंत पोचेल, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तिच्या आयुष्यात जे जे घडेल, ते ती तुमच्यापासून लपवायला शिकेल. तेरा-चौदाची होईल तेव्हा तिनं तुम्हाला काही सांगावं असं वाटत असेल, तर आत्ताची ही वही फार सांभाळून हाताळायला हवी.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मॉल उघडायच्या वेळी, गर्दी नसताना, तुम्ही आणि ती दोघीच जा. मुलाला मिस्टरांकडे किंवा सासूबाईंकडे ठेवा. काही विकत घ्यायचं नाही असं आधीच ठरवा, आणि तिला म्हणा, तू मला दाखव. ती ट्रायल रूम दाखवेल, गाद्यांचं दुकान दाखवेल, रात्री कुठला लाइट चालू राहतो ते सांगेल. तुम्ही शंका विचारा, खऱ्या शंका : पाऊस आला तर? ताप आला तर? परीक्षा असली तर अभ्यास कुठे करणार? तिच्याकडे बहुतेक सगळ्याची उत्तरं असतील. वरच्या मजल्यावर गेलात की कठड्यापाशी उभं राहून विचारायला हरकत नाही, 'मी आणि बाबा खाली आलो असतो, तर तू कुठे उभी राहिली असतीस?' ती दाखवेल ती जागा नीट बघून घ्या. त्याच्यावर काही बोलू नका. मग दोघींना भूक लागली असेल, तर आधी खाऊन घ्या.

तुमची,
सल्लागार ताई